लेक सेवेला जाते तेव्हा…

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची कामं आटोपून मी जरा टेकले होते, तोच शेजारची वहिनी दारात. हातात मोबाइल, डोळे लाल. म्हणाली, "वहिनी, पोरगी रात्रभर रडतेय हो. म्हणते, मला इथं काही जमत नाही. आणू का तिला परत?"

आम्ही दोघी एकमेकींना वहिनीच म्हणतो. वैतरण्यासारख्या छोट्या स्टेशनच्या गावात शेजार म्हणजे अर्धं माहेरच. तिची लेक माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. बी.ए. झाली आणि एक दिवस घरी सांगून टाकलं, "मी वर्षभर आदिवासी पाड्यावर काम करणार." डहाणूच्या पूर्वेला कासा भागात एक छोटी संस्था आहे. लहान मुलांची वजनं घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, आजारी मूल दिसलं तर दवाखान्यापर्यंत पोहोचवायचं, असं काम. राहायला एक खोली आणि खर्चापुरतं मानधन.

घरात आधी वादळ झालं. बाप म्हणाला, "शिकवली ती काय यासाठी?" आजीनं लग्नाचा विषय काढला. पण मुलगी ठाम होती. शेवटी जूनअखेरीस ती निघाली. आमच्या महिला मंडळानं तिला नारळ दिला, शाल दिली, दोघींनी भाषणंही केली. त्यात एक मी. 'सेवेसारखं दुसरं सुख नाही' वगैरे बरंच काही बोलले होते. आणि आता तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी रडत होती, तेव्हा मला माझंच भाषण आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेवेचं सुख मी सांगितलं, पण पहिल्या तीन आठवड्यांबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"आपण दोघी जाऊन बघून येऊ," मी म्हटलं. "मग ठरव."

माझी एक नणंद बरीच वर्षं अमेरिकेत आहे. तिनं मागे सांगितलेली एक गोष्ट त्या रात्री राहून राहून आठवत होती. तिच्या दारावर एकदा दोन पोरं आली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि त्यावर नाव. वय फार तर एकोणीस-वीस. ते मॉर्मन पंथाचे प्रचारक होते. १८३० साली अमेरिकेत सुरू झालेला हा ख्रिस्ती पंथ, त्याचं मुख्य ठिकाण यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. या पंथातली हजारो मुलंमुली ऐन तारुण्यात घर सोडून प्रचाराला आणि सेवेला जातात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कुठं जायचं ते आपण निवडायचं नाही, पाठवतील तिकडे जायचं. खर्चाचा भार बहुतेक स्वतः नाहीतर घरच्यांनी उचलायचा. आणि एकट्यानं हिंडायचं नाही, सतत एक जोडीदार बरोबर.

नणंदेनं त्यांना सांगून टाकलं, "बाबांनो, आमचा धर्म आम्हाला पुरे आहे. पण ऊन फार आहे, पाणी पिऊन जा." पाणी पिताना त्यातल्या धाकट्यानं भिंतीवरचा तिच्या मुलांचा फोटो पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. घर सोडून त्याला तीनच आठवडे झाले होते. दिवसभर लोक तोंडावर दार लावतात, रात्री आईची आठवण येते. आणि आईशी बोलायचं तर तेव्हा वर्षातून दोनच दिवस, नाताळ आणि मातृदिन. एरवी पत्र नाहीतर ई-मेल. (२०१९ च्या फेब्रुवारीपासून त्यांच्या चर्चनं हा नियम सैल केला, आता आठवड्यातून एकदा घरी फोन करता येतो.) नणंद म्हणाली, "अगं, त्याचा धर्म मला नको होता, पण ते पोर मात्र आपल्याच घरातलं वाटलं."

त्यांचा प्रचार पटो न पटो, एक गोष्ट मात्र खरी. घर सोडून सेवेला निघालेलं पोर यूटातलं असो की वैतरण्याचं, तिसऱ्या आठवड्यातलं रडणं सारखंच!

ठरल्याप्रमाणे आम्ही निघालो. वहिनीनं एका पिशवीत बेसनाचे लाडू, बोंबलाची चटणी आणि सुकट घेतली होती. दुसरी एक मोठी पिशवी होती, पण ती रिकामी. मी विचारलं नाही. पोरीचे कपडे भरून आणायला ती घेतली होती, हे न विचारताही कळत होतं.

डहाणू लोकल पकडली. २०१३ च्या एप्रिलमध्ये ही लोकल सुरू झाली, त्याआधी आम्हाला शटल आणि मेमूच्या वेळा सांभाळत बसावं लागायचं. गाडी वैतरणेचे पूल ओलांडून सफाळ्याकडे निघाली. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली शेतं, वाकून लावणी करणाऱ्या बायका. वहिनी खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली. तिचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी तिला अनुताईंची गोष्ट सांगायला लागले. नाहीतरी याच रुळांवरची ती गोष्ट, डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड, आणि तिथून जवळच बोर्डी.

अनुताई वाघ. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या किती मुलींना हे नाव माहीत असेल? १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळात अशा मुलीनं घरच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचं, एवढंच लिहिलेलं असे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. आधी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात नोकरी, मग पुण्याच्या हुजूरपागेत. दिवसा शिकवायचं आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पुण्यातली नावाजलेली शाळा, महिन्याचा पगार, ओळखीची माणसं. एका विधवा बाईनं याहून जास्त काय मागावं?

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांसाठी शिबिर झालं. कस्तुरबा गांधी आदल्याच वर्षी गेल्या होत्या, त्यांच्या नावानं खेड्यातल्या बायका-मुलांसाठी काम उभं राहत होतं. त्या शिबिरात अनुताईंना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलेलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झालेला, दादरला शिशुविहार चालवलेलं. एवढं नाव झालेली बाई शहर सोडून खेड्यात जायला निघाली होती, आणि तिला सोबत हवी होती. अनुताई गेल्या. पस्तिसाव्या वर्षी, पुण्याची नोकरी सोडून.

"पस्तिसाव्या?" वहिनीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझी तर एकवीसची आहे."

"तेच तर सांगतेय," मी म्हटलं. "पस्तिशीतल्या, सोळा वर्षं शिकवलेल्या बाईलाही तिथं जाऊन नव्यानं शिकावं लागलं."

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी तसं अगदी मागासलेलं गाव नव्हे. आचार्य भिसे यांच्यामुळे तिथं शिक्षणाचं वातावरण होतं. बालवाडी मांडली, बऱ्या घरची मुलं आली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती मुलं, तेव्हाच्या भाषेत हरिजनवाड्यातली, ती काही येईनात. का येतील? आईबाप कामावर गेलेले, मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंडं. अंगावर धड कपडा नाही. दुसऱ्यांच्या मुलांशेजारी बसायची भीती. शहरात मुलं आपण होऊन शाळेत येतात, इथं वाट बघत बसलं तर वर्गच रिकामा.

मग या बायकांनी काय केलं? मुलं शाळेत येत नाहीत ना, तर शाळाच मुलांच्या दारात नेली. वाड्यातल्याच एखाद्या अंगणात बसायचं. आधी अंगण झाडायचं, मुलांची तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणायची? शंखशिंपले, बिया, पानं, काटक्या, माती हीच साधनं. अंगणात भरते म्हणून तिचं नाव पडलं 'अंगणवाडी'.

मैत्रिणींनो, हा शब्द आज आपण किती सहज बोलतो! २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांमध्ये सुरू केली, तेव्हा हाच शब्द तिनं घेतला. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. मूळ धागा शोधत गेलं तर आपण बोर्डीच्या त्या अंगणात येऊन पोहोचतो. आणि त्या अंगणात या बायका कशामुळे गेल्या? पहिला बेत फसला म्हणून.

पुढं १९५६-५७ च्या सुमारास दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांसाठी. तिथं पुन्हा तेच. मुलं गुरं चारायला जातात, शाळेत येत नाहीत. मग गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरली, तिचं नाव 'कुरणशाळा'. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीनं शिकावं तर भावंडाची सोय हवी, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती 'विकासवाडी'. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या. अनुताई बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी! 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मकथन. १९८४ ला पद्मश्री झाल्या आणि १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, याच भागाच्या होऊन राहिल्या.

बोईसर गेलं, वाणगाव गेलं. मी वहिनीला आणखी एका बाईचं नाव सांगितलं, गोदावरी परुळेकर. पुण्याच्या, महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या पहिल्या महिलांपैकी एक. तेच १९४५ साल आणि तेच उंबरगाव-डहाणूचे पाडे. ताराबाई-अनुताईंचा मार्ग बालशिक्षणाचा, गोदूताईंचा लाल बावट्याचा. मे महिन्यात झरी गावाला वारल्यांची मोठी परिषद भरली, वेठबिगारीविरुद्ध आवाज उठला. गोदूताईंनी हे सगळं पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं, त्याला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विचार अगदी वेगळे. पण दोघींनाही आधी त्या लोकांत बसावं लागलं, त्यांची बोली कानांत मुरवावी लागली. तिथं वकिलीची सनद चालत नाही की शिक्षिकेचा दाखला.

वहिनी ऐकत होती. पण पिशवी मांडीवर घट्ट धरलेली होती.

डहाणूला उतरलो, कासाकडे जाणारी एसटी धरली, पुढं जीप आणि शेवटी चिखलातनं पायी. मुलीची खोली बंद. शेजारच्या झोपडीतल्या म्हातारीनं शेताकडे बोट दाखवलं. बघतो तर काय, आमची लेक गुडघाभर चिखलात, चार-पाच बायकांच्या रांगेत वाकून आवणी करतेय! रोपं वाकडीतिकडी लागत होती आणि बाकीच्या बायका तिला हसत होत्या. तीही हसत होती. आईला बघितलं आणि तशीच चिखलाच्या हातांनी येऊन बिलगली. मग मात्र दोघीही रडल्या. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू!

खोलीवर बसून तिनं सगळं सांगितलं. पहिला आठवडा ती वजनकाटा आणि वही घेऊन घरोघर फिरली. घरं रिकामी. पावसाळ्यात सगळा पाडा शेतावर, ही दारं वाजवतेय. एखादी बाई घरात असली तरी मूल मागच्या खोलीत ठेवून सांगायची, नाही इथं. "काकू, मला वाटलं यांना आपल्या मुलांची काळजीच नाही. मी पौष्टिक आहार, लोहाच्या गोळ्या असं बोलत बसायचे आणि त्या माझ्याकडे नुसत्या बघायच्या." रात्री चूल पेटेना, ओली लाकडं नुसती धुमसत. दोन दिवस बिस्किटांवर काढले. वीज गेली की बाहेर मिट्ट काळोख आणि बेडकांचा आवाज. संस्थेतल्या जुन्या कार्यकर्त्या ताई चार पाडे सोडून पलीकडे, आठवड्यातून दोनदा येणार. आपण इथं कुणाच्या काही उपयोगाचे नाही, या विचारानं तिला जास्त रडू यायचं. आई आठवायची ती त्यानंतर.

"मग आज शेतात कशी?" मी विचारलं.

"या आजीमुळे." तिनं म्हातारीकडे पाहिलं. आजीनं आधी तिला चूल पेटवायला शिकवलं, नागलीची भाकरी खाऊ घातली. मग एक दिवस म्हणाली, घरात बायका शोधतेस कशाला, बायका शेतात आहेत. ती परवापासून शेतावर जायला लागली होती. तिथं गेल्यावर एक बाई आपण होऊन बोलली. मुलं का लपवता, तेही कळलं. मागं कोण कोण आले, फोटो काढले, कागदावर अंगठे घेतले, परत फिरकलेच नाहीत. तीच बाई आज सांगत होती, संध्याकाळी ये, माझ्या पोराला काट्यावर घाल.

"आता 'पौष्टिक आहार' म्हणत नाही मी," ती हसून म्हणाली. "विचारते, आज काय रांधलं? मग सगळं कळतं."

मी वहिनीकडे पाहिलं. गाडीत सांगितलेली अंगणवाडीची गोष्ट इथं चिखलात उभी होती. हिला अनुताई कुणी शिकवल्या नव्हत्या. मुलं येत नाहीत तर अंगणात जा, बायका घरी नाहीत तर शेतात जा, हे त्या म्हातारीनं शिकवलं. आम्ही तिला शाल देऊन पाठवली होती ती लोकांची सेवा करायला, आणि पहिले तीन आठवडे लोकच तिची सेवा करत होते. चूल पेटवून देत होते, भाकरी देत होते, बोलायला शिकवत होते.

वहिनीनं शेवटी विचारलंच, "येतेस का घरी?"

मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, तू काल आली असतीस तर आले असते. आज त्या बाईला शब्द दिलाय."

आणि माझ्या वहिनीचं मला कौतुक वाटतं. तिनं आग्रह केला नाही, रागावली नाही, आपली शपथही घातली नाही. लाडवांचा डबा पुढं केला, त्यातले चार आजीला द्यायला सांगितले. मग निघण्यापूर्वी मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, तुम्ही जरा खोलीची कडी नीट बघा. आणि न्हाणीघर कुठं आहे ते विचारा." आम्ही दोघींनी ते सगळं पाहिलं. कडी सैल होती, ती त्याच दिवशी दुरुस्त करून घेतली. त्या ताईंशी फोनवर बोललो. पुढचा महिनाभर त्या नाहीतर दुसरी कुणी मुलगी हिच्या सोबतीला मुक्कामाला राहील, असं ठरवून घेतलं. त्या पंथाची पोरं जोडीनं फिरतात, त्यांच्या नियमांतला हा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ताराबाईंनाही शेवटी अनुताई लागल्याच ना?

आज पुष्कळ घरांतली मुलंमुली वर्ष-दोन वर्षं असं काहीतरी करायला निघतात. कुणी डॉक्टर होऊन ग्रामीण भागात, कुणी शाळेत शिकवायला, कुणी पाड्यावर. अशा वेळी आपण आयांनी काय करावं? माझ्या अल्पबुद्धीला सुचलं ते सांगते. रडण्याचा फोन आला तर ऐकून घ्यावं, पण त्या रडण्यावर निर्णय करू नये. पहिला महिना निर्णयाचा नसतोच, तो शिकण्याचा असतो. फोनची वेळ ठरवावी, तासातासाला 'जेवलीस का' विचारू नये. एकदा स्वतः जाऊन डोळ्यांनी बघून यावं. आणि तिथं कडीकुलूप, सोबत, दवाखाना यांची सोय नसेल, कुणाची नजर वाईट असेल, तर मात्र लोक काय म्हणतील याचा विचार न करता लेकीला त्याच पावली घरी आणावं. त्या मॉर्मन मुलांपैकी जी मध्येच परत येतात त्यांना आपल्याच लोकांत मान खाली घालावी लागते, असं नणंद सांगत होती. आपल्याकडे तसं होऊ देऊ नका. ज्या घराचं दार परतीसाठी उघडं असतं, त्याच घरातली मुलगी निर्धास्तपणे बाहेर टिकते.

आणि नारळ-शाल देताना आपण मंडळाच्या बायकांनी जरा कमी बोलावं. हे मी मलाच सांगते आहे.

संध्याकाळी आम्ही निघालो, तेव्हा शेतातल्या त्या बायका आडव्या आल्या. "पोरीची आई रिकाम्या हातानं कशी जाणार?" म्हणत त्यांनी वहिनीच्या मोठ्या पिशवीत कंटोळी ओतली, वर टाकळ्याच्या दोन जुड्या कोंबल्या. ज्या पिशवीतून लेकीचे कपडे यायचे होते, ती रानभाजीनं भरून वैतरण्याला आली. दुसऱ्या दिवशी आमच्या आळीत सात घरी कंटोळ्याची भाजी होती.

लेक अजून तिथंच आहे. अधूनमधून रडतेही म्हणे. पण आता वहिनी फोन ठेवल्यावर माझ्या दारात येते ती विचारायला नाही, सांगायला येते. परवा आली आणि म्हणाली, "वहिनी, त्या बाईच्या पोराचं वजन वाढलं हो, पाऊण किलो!"